मिणमिण, झगमग, भगभग : बोहाड्याच्या रात्रीची छायाचित्रे

‘फोटोग्राफ’ या शब्दासाठी मराठीने दोन प्रतिशब्द आजमावून पाहिले : ‘प्रकाशचित्र’ आणि ‘छायाचित्र’. पहिला शब्द मुळाशी अधिक इमानी होता. १८३९ साली जॉन हर्शेल याने ग्रीक भाषेतील प्रकाशवाचक व लेखनवाचक पदे जोडून ‘फोटोग्राफी’ ही संज्ञा मांडली, तिचे ते सरळ भाषांतर होते. तथापि लोकव्यवहारात टिकला तो दुसराच. ‘प्रकाशचित्रण’ आज क्वचित एखाद्या ग्रंथात भेटते. वर्तमानपत्रातील चौकटीखाली मात्र ‘छायाचित्र’ असेच छापलेले असते. ही निवड म्हणजे भाषांतरातील चूक, असे समजणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. त्याच १८३९ साली विल्यम हेन्‍री फॉक्स टॅल्बट याने या नव्या विद्येचे वर्णन करताना सावली स्थिर करण्याची कला असाच भाव व्यक्त केला होता. आणि आपल्याकडे अमरकोशाच्या नानार्थवर्गात ‘छाया’ या शब्दाचे चार अर्थ नोंदलेले आहेत : सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव. सूर्यपत्नीला क्षणभर बाजूस ठेवले, तर उरलेले तीनही अर्थ छायाचित्राला तंतोतंत लागू पडतात. प्राकृत वचनाच्या संस्कृत रूपांतरासही आपले पंडित ‘छाया’च म्हणतात, हे विद्यार्थ्यांना स्मरत असेल. मूळ वस्तू वेगळ्या वर्णांत उतरविणे, हा अर्थ तेथेही आहेच.

ही शब्दचर्चा केवळ कोशप्रेमाने केलेली नाही. दिवसा काढलेल्या चित्राच्या बाबतीत प्रकाश आणि छाया यांपैकी कोणत्या बाजूने पाहिले, याने फारसा फरक पडत नाही. रात्रीच्या चित्राच्या बाबतीत तो पडतो. रात्री रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रांची आपल्याकडील समीक्षा बहुधा ‘अंधार असूनही किती स्पष्ट आले आहे’ या एका वाक्यावर थांबते. म्हणजे अंधार ही एक अडचण आणि तिच्यावर मात करणे हे यश, असे गृहीतच धरलेले असते. हे गृहीत कोठवर टिकते, ते पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील बोहाड्याची छायाचित्रे विचारासाठी घेतली आहेत.

बोहाडा किंवा भोवाडा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतच्या दिवसांत, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत आणि त्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत, गावोगाव हा मुखवट्यांचा उत्सव होतो. वारली, कोकणा, कोळी, ठाकूर अशा अनेक जमातींचे लोक त्यात सामील असतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, काळभैरव अशी सोंगे एकामागून एक येतात. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे, भडक रंगांनी रंगविलेले मुखवटे चढवून, संबळाच्या ठेक्यावर गावाच्या वाटेने पुढे-मागे नाचतात. अनेक गावांत एखादे सोंग एखाद्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. सर्व काही रात्री चालते, आणि देवी व महिषासुर यांच्या युद्धाने पहाटे त्याची सांगता होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की येथे रंगमंच नाही. वाट हीच रंगभूमी आहे. प्रेक्षक वाटेच्या दोन्ही अंगांना बसलेले असतात. आणि सोंगाच्या पुढे माणसे टेंभे घेऊन चालतात. उजेड एका जागी टांगलेला नसतो. तो सोंगाबरोबर येतो आणि सोंगाबरोबर जातो. रात्रीच्या रस्त्याचे छायाचित्र काढणाऱ्याला याहून अवघड आणि याहून समृद्ध विषय महाराष्ट्रात दुसरा क्वचितच मिळेल.

आता भाषेकडे येऊ. हातात धरून न्यावयाच्या उजेडासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते पाहावे : मशाल, टेंभा, दिवटी, हिलाल, पोत, चूड. हे समानार्थी शब्द नव्हेत. दिवटी खंडोबाच्या जागरणातली, पोत गोंधळ्याच्या हातचा, हिलाल मिरवणुकीतला. चूड ही रानवाटेने रात्री चालणाऱ्या माणसाची. ‘टेंभा’ या शब्दाने तर ‘टेंभा मिरवणे’ हा वाक्प्रचार देऊन मोठेपणाचा सर्व उपहास आपल्या पदरी घेतला. उजेडाच्या साधनांहूनही उजेडाच्या क्रिया अधिक लक्षणीय आहेत : मिणमिणणे, लुकलुकणे, झगमगणे, चमचमणे, लखलखणे, धगधगणे, भगभगणे. यांतील प्रत्येक शब्द अभ्यस्त आहे. म्हणजे त्यात एकाच ध्वनिगटाची पुनरुक्ती आहे किंवा तिचा किंचित बदललेला पडसाद आहे. मराठीत अशी पुनरुक्ती बहुशः क्रियेचे सातत्य आणि पुनरावर्तन दाखविते. ‘मिणमिण’ ही एका क्षणाची स्थिती नव्हे. वात खाली बसते, वर येते, पुन्हा खाली बसते, या सगळ्या व्यापाराला दिलेले ते एक नाव आहे. याउलट दिवसाच्या उजेडाचे आपले नेहमीचे शब्द पाहिले, तर ऊन, कवडसा, तिरीप, किरण अशी स्थिर नामे हाती लागतात. ‘रणरणते ऊन’ हा अपवाद कोणी पुढे करील; परंतु ‘रणरण’ डोळ्याला दिसते त्याहून अधिक कातडीला जाणवते, हे ध्यानात घ्यावे. हा नियम नाही, कल आहे. लखलखाट उन्हाचाही असू शकतो. पण कल स्पष्ट आहे. मराठी बोलणाऱ्याच्या लेखी दिवसाचा उजेड हे नाम आहे आणि रात्रीचा उजेड हे क्रियापद आहे.

छायाचित्रकारापुढील प्रश्न यातूनच उभा राहतो. छायाचित्र हे स्वभावतः नामासारखे असते. ते काळाचा एक तुकडा तोडून स्थिर करते. मग जो उजेड मुळातच काळात पसरलेला आहे, त्याचे काय करावयाचे?

येथे मुखवट्याचा विचार आवश्यक ठरतो. मुखवट्याचा चेहरा बदलत नाही. त्याचे डोळे, भुवया, दात हे सर्व एकदा रंगविले की ठरून गेलेले असते. तरीही बोहाड्यात बसलेल्या प्रेक्षकाला रावण क्षणात रागावलेला आणि क्षणात विचारमग्न वाटतो. हे करते कोण? ज्वाला हलते, म्हणून नाकाची सावली गालावरून ओठाकडे सरकते. भुवईच्या उंचवट्याखालील खळगा भरतो आणि रिता होतो. अभिनय सावली करीत असते. जपानच्या नो नाट्यात हीच गोष्ट नटाच्या मानेवर सोपविलेली आहे : मुखवटा किंचित वर उचलला की तो ‘उजळतो’, किंचित खाली झुकविला की ‘झाकोळतो’, आणि या दोन क्रियांना तेथे ‘तेरासु’ आणि ‘कुमोरासु’ अशी स्वतंत्र नावेही आहेत. नो नाट्यात मान हलते. बोहाड्यात मान तर हलतेच, पण तिच्यापेक्षा दिवा अधिक हलतो. आपल्या पौराणिक नाटकांच्या आरंभकाळीही हे ज्ञान होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगविले, त्या परंपरेत राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडवून भपकन जाळ करीत असत. राक्षस भयंकर दिसे तो केवळ रंगभूषेमुळे नव्हे. जाळ उठून विझल्यानंतर डोळ्यांपुढे जो दुप्पट काळोख येई, त्याचाही त्यात वाटा असे.

टेंभ्याच्या उजेडात सावली इतकी गडद का असते, याचे कारण साधे आहे. बिंदुवत दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. टेंभा मुखवट्यापासून दोन हातांवर असेल आणि वाटेच्या कडेला बसलेला माणूस आठ हातांवर, तर त्या माणसाच्या वाट्याला मुखवट्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच उजेड येतो. सोंग एक पाऊल मागे सरले, की हे सगळे गणित पालटते. कॅमेऱ्यावर बसविलेल्या फ्लॅशची गोष्ट अगदी उलट आहे. तो भिंगाच्या अगदी शेजारून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यातूनच जणू, उजेड फेकतो. त्यामुळे नाकाची सावली नाकामागे दडते आणि भिंगाला दिसतच नाही. मुखवटा सपाट होतो. आणि हा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही अल्प काळ टिकतो. ‘भग’ म्हणावे तर दुसरा ‘भग’ उमटण्यास अवसरच नाही.

रात्रीच्या छायाचित्रणाच्या इतिहासात याची दोन घराणी सांगता येतील. जेकब रीस याने १८८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत फ्लॅशची पूड पेटवून चित्रे काढली; १८९० साली ती त्याच्या पुस्तकातून लोकांपुढे आली. त्याचा हेतू सुधारकाचा होता आणि त्या चित्रांनी सुधारणेला बळही दिले. परंतु त्यांतील अनेक माणसे अवचित पकडल्यासारखी दिसतात, कारण ती खरोखरच अवचित पकडलेली होती. दुसरे घराणे ब्रासाईचे. त्याचे ‘पारी द न्वी’, म्हणजे रात्रीचे पॅरिस, हे पुस्तक १९३३चे. रस्त्यावर तो बहुधा जो दिवा असेल त्यावरच भागवी. खांबाआड किंवा झाडाआड दिव्याची ज्योत लपवून तिचा फक्त पसरलेला उजेड घेई. धुके आणि ओली फरसबंदी यांना आपले साहाय्यक मानी. सिगारेट जळण्यास लागणाऱ्या वेळावरून तो कॅमेऱ्याचे झाकण किती वेळ उघडे ठेवावयाचे हे ठरवी, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा नसो, तिच्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे : रात्रीचे चित्र घेणारा मनुष्य वेळ देतो. रीस उजेड घेऊन येतो, ब्रासाई उजेडाची वाट पाहतो.

बोहाड्याची जी छायाचित्रे पर्यटनाच्या पुस्तिकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सामान्यतः पाहावयास मिळतात, ती बहुतेक रीसच्या घराण्याची आहेत. फक्त रीसची करुणा त्यांत नाही. मुखवटा मध्यभागी, लाल-पिवळा रंग झगझगीत, मागे काळा पडदा. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. संग्रहालयाच्या नोंदीसाठी, मुखवट्याची घडण अभ्यासण्यासाठी असे चित्र हवेच. पण मग ते दिवसा, अंगणात, मुखवटा खुंटीवर टांगलेला असताना घ्यावे. ते अधिक चांगले येईल. बोहाड्याच्या वाटेवर फ्लॅश टाकून घेतलेल्या चित्रात वाट काळ्या पडद्यात बुडालेली असते, प्रेक्षक नाहीसे झालेले असतात, टेंभ्याची ज्वाला फिकट पिवळा ठिपका होऊन राहिलेली असते. असे चित्र दुपारी बंद खोलीत घेतले असते तरी चालले असते. आणखी एक गोष्ट समीक्षेच्या कक्षेबाहेरची म्हणून वगळण्यात येते, ती वगळू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुखवट्याच्या आतील माणूस लहानशा फटीतून पाहत नाचत असतो आणि त्याचे डोळे काळोखाला सरावलेले असतात. त्याच्या डोळ्यांवर चार पावलांवरून झोत मारला, तर पुढील काही क्षण त्याला वाट दिसत नाही. चित्र सपाट येणे आणि नाचणाऱ्याचे डोळे दिपणे, या दोन वेगळ्या तक्रारी नव्हेत. उजेड कोठून आला, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत.

याला पर्याय म्हणजे टेंभ्याच्याच उजेडात, झडप काहीशी सावकाश ठेवून, सेकंदाचा आठवा किंवा पंधरावा भाग एवढा वेळ देऊन घेतलेले चित्र. यात हात पुसट येतो, ज्वालेची एक रेघ ओढली जाते, मुखवट्याची एक बाजू काळोखात विरते. ‘हलले आहे’ म्हणून अशी चित्रे बाजूस टाकण्याचा प्रघात आहे. परंतु मघाशी ज्या अभ्यस्त क्रियापदांचा उल्लेख केला, त्यांचे व्याकरण छायाचित्रात आणण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही. पुसटपणा ही येथे ‘मिणमिण’ची द्विरुक्ती आहे. अर्थात पुसटपणाचीही एक फॅशन होऊ शकते, झालीही आहे; सगळेच पुसट केल्याने काही साधत नाही. मुखवटा स्थिर आणि उजेड चल, हा विरोध चित्रात राहिला पाहिजे. नाचणाऱ्याच्या दोन पावलांमध्ये एक निमिषाचा ठहराव असतो. तो संबळाच्या ठेक्यावरून ओळखू येतो. ज्याला ठेका ऐकू येतो, त्याच्या चित्रात मुखवटा स्पष्ट आणि ज्वाला पुसट येते. या कामी उत्तम भिंगाइतकाच कानाचा उपयोग आहे.

रंगाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुखवटे रंगविलेले असतात, हे खरे. परंतु रात्री मुखवट्याचा रंग मुखवट्यात नसतो, तो उजेडात असतो. ज्वालेच्या उजेडाचे वर्णतापमान सुमारे १९०० केल्विन, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्विन. ज्वालेत निळा अंश फारच थोडा. म्हणून टेंभ्याजवळ आलेला निळा चेहरा काळपट दिसतो, पांढरा आणि पिवळा एकमेकांत मिसळतात, आणि तांबडा पेटून उठतो. पण हे टेंभ्याजवळच. सोंग टेंभ्यापासून दूर, काळोखात सरले, की डोळ्याचा दुसरा नियम सुरू होतो. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले, की उजेड मंदावला म्हणजे डोळ्याला तांबडे रंग आधी काळे दिसू लागतात, निळे-हिरवे तेवढे लवकर काळवंडत नाहीत. म्हणजे जो तांबडा टेंभ्यापाशी सर्वांत तेजस्वी, तोच दहा पावलांवर सर्वांत काळा. त्राटिकेची जीभ जवळ आली की निखारा आणि दूर गेली की विवर, यात रंगविणाऱ्याचे कौशल्य आहेच. पण ते कौशल्य रात्र जाणणाऱ्याचे आहे. हे मुखवटे दिवसा भडक आणि ओबडधोबड वाटतात, असे शहरी पाहुणे म्हणतात तेव्हा ते कथकळीचा हिरवा चेहरा समईवाचून पाहिल्यासारखेच बोलत असतात.

बर्लिन आणि के यांनी १९६९ साली रंगवाचक शब्दांचा जो सिद्धांत मांडला, त्याची येथे आठवण होते. ज्या भाषांत दोनच मूलभूत रंगशब्द असतात, तेथे ते काळोखा आणि उजळ यांना वाहिलेले असतात. तिसरा शब्द आला तर तो तांबड्याचा. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ आक्षेप घेण्यात आले आणि त्यांतील काही रास्त आहेत. कोणत्याही जमातीच्या भाषेची ‘पायरी’ ठरविण्यासाठी तो वापरणे तर सर्वथा अनुचित होय. मात्र टेंभ्याच्या उजेडातील वाट ही खरोखरच तीन शब्दांची भाषा बोलते : काळे, उजळ, तांबडे. त्याच प्रदेशातील वारली चित्रे गेरूच्या भुईवर तांदळाच्या पिठाने काढतात, तेथेही रंगांचा व्यवहार जवळपास एवढ्यावरच भागतो. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. छायाचित्रकाराने सात रंगांचा हट्ट धरण्याचे कारण नाही, एवढेच.

आणि नेमका हाच हट्ट आजचे यंत्र छायाचित्रकाराच्या वतीने धरते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित वर्णसमतोल ज्वालेचा तांबूसपणा हा दोष समजून तो कमी करू पाहतो. जुन्या फिल्मपुढे निदान प्रश्न उघड असे : दिवसाच्या उजेडासाठी बनविलेली फिल्म रात्री वापरली तर दिव्याचा रंग गडद नारिंगी येणार, हे ठरलेले. दयानिता सिंग यांनी ‘ब्लू बुक’ (२००९) आणि ‘ड्रीम व्हिला’ (२०१०) या पुस्तकांत रंगाच्या अशा ‘चुकां’नाच विषयाचे स्थान दिले, सांजेचा निळा आणि दिव्यांचे अनैसर्गिक हिरवे-तांबडे रंग त्यांनी दुरुस्त केले नाहीत. २०१८ नंतर तर मोबाईल फोनमध्ये ‘नाइट साइट’सारख्या सोयी आल्या. त्या एकाऐवजी अनेक चित्रे घेऊन, ती एकमेकांवर बसवून, सावलीतील तपशील वर काढतात. त्यांची तांत्रिक करामत थक्क करणारी आहे, आणि परिणाम असा की रात्र ही ढगाळ दुपार होऊन बसते. बोहाड्याच्या वाटेवर दहा हातांवरची बाई, तिच्या मांडीवर निजलेले मूल, मागच्या घराचे कौल, सर्व सारख्याच उजेडात. प्रत्यक्ष तेथे बसलेल्या कोणाही माणसाने ती वाट तशी पाहिलेली नसते.

मग कृष्णधवल चित्र घेऊन रंगाचा तंटाच मिटवावा, असे काहींना वाटते. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात याच्या अगदी उलट भूमिका घेतली : भारतीय दृष्टी रंगातूनच पाहते, कृष्णधवलातील विषण्णता ही पश्चिमेकडील मनाची. हे विधान सुधारक ओळवे यांच्यासारख्यांचे काम पाहिल्यावर जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मुंबईच्या सफाई कामगारांवरील त्यांची कृष्णधवल चित्रे कोणत्याही उसन्या विषण्णतेतून आलेली नाहीत. तथापि जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत कृष्णधवल आणि रंग यांची जी वाटणी होऊन बसली आहे, ती विचार करण्यासारखी आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा प्रदेश महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आला, आणि तेव्हापासून कुपोषण व बोहाडा ही त्याची बाहेरच्यांना ठाऊक असलेली दोन रूपे झाली. भूक ही करड्या छटांत, भर दुपारी; उत्सव हा भडक रंगात, मध्यरात्री. जणू ही दोन वेगळ्या गावांतली माणसे! वस्तुतः दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि इतर मजुरीवर गेलेली कुटुंबे शिमग्याच्या सुमारास गावी परततात, आणि बोहाड्याच्या वाटेच्या कडेला तीच बसलेली असतात. मुखवट्यावरून नजर काढून ती या माणसांकडे वळविली, तरच ‘रस्त्याचे छायाचित्र’ हे नाव सार्थ होईल. टेंभा पुढून गेला की एकेक चेहरा उजळतो आणि मालवतो. मुखवट्याच्या मानाने सोळाव्या हिश्श्याचाच तो उजेड, पण या चेहऱ्यांना सावलीच्या मदतीवाचूनही भाव असतात. या विषयावरील जी थोडी चित्रे मनात राहतात, त्यांत सोंग बहुधा चौकटीच्या कडेला, पाठमोरे असते.

एक भ्रम मात्र दूर ठेवला पाहिजे. टेंभ्याचा उजेड तेवढा खरा आणि बाकी सर्व भ्रष्ट, असे मानून जी ‘प्राचीन’ चित्रे तयार करण्यात येतात, तीही फ्लॅशच्या चित्रांइतकीच खोटी होत. टेंभ्यानंतर गॅसबत्ती आली, मग विजेचे दिवे आले. जानेवारी २०१५मध्ये पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि देशभरात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे खांबांवर चढले. वाटेवरचा खांब, लाउडस्पीकर, खेळण्यांच्या दुकानातील लुकलुकणारी माळ आणि प्रेक्षकांच्या हातांतील फोनचे निळसर चौकोन हे सर्व चौकटीबाहेर ठेवून, एक टेंभा आणि एक मुखवटा घेऊन काढलेले चित्र पाहणाऱ्याला आवडते. कारण आदिवासी हा काळाबाहेर राहतो, या त्याच्या समजुतीला ते धक्का लावत नाही. आजच्या बोहाड्याचे चित्र हे मिश्र उजेडाचे चित्र आहे. वरून खांबावरचा पांढरा, थंड, न हलणारा उजेड. समोरून टेंभ्याचा तांबडा आणि चंचल. एकाच मुखवट्याला दोन सावल्या : एक पायांशी गोठलेली, दुसरी भिंतीवर नाचणारी. हे दृश्य कुरूप आहे असे म्हणण्याची घाई नको. मुखवट्याच्या कपाळावर निळसर आणि हनुवटीवर नारिंगी, अशी जी सीमारेषा उमटते, ती कोणा रंगाऱ्याने आखलेली नसते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकाराला ती मिळणेही शक्य नव्हते.

तरीही नुकसान काय झाले, तेही मोजले पाहिजे. खांबावरचा दिवा मुखवट्याला आधीच पुरेसा उजळून टाकतो, तेथे टेंभ्याकडे विधी उरतो, काम उरत नाही. चेहरा घडविणारी सावली फिकी पडते. काही तासांपुरते खांबावरचे दिवे मालवून ठेवणे अशक्य नाही, पण तो निर्णय गावाचा. छायाचित्रकाराने किंवा विद्यापीठातून आलेल्या अभ्यासकाने तो मागणे, हा टेंभा मिरविण्याचाच प्रकार होईल. त्याने जो उजेड असेल तो घ्यावा, स्वतःचा उजेड आणू नये, आणि यंत्राने सावलीत कालविलेला उजेड निदान छापण्यापूर्वी काढून टाकावा.

पहाटेच्या चित्रांविषयी थोडे राहिले. बाहेरगावचे छायाचित्रकार बहुधा मध्यरात्रीनंतर निघून जातात, म्हणून देवी आणि महिषासुर यांच्या युद्धाची चित्रे त्या मानाने थोडी. मराठीत या वेळेला ‘झुंजूमुंजू’ म्हणतात. हा शब्दही अभ्यस्तच, आणि त्यात ‘झुंज’ ऐकू येते ती व्युत्पत्तीने नसेलही, पण येथे ती कानाला खटकत नाही. पूर्वेकडून निळसर उजेड येऊ लागतो, टेंभे अजून विझलेले नसतात, आणि रात्रभर काळे दिसलेले रंग एकेक करून परत येतात. पुर्किन्येचा नियम येथे उलट दिशेने वाचावयास मिळतो : आधी निळा दिसू लागतो, मग हिरवा, तांबड्याला सर्वांत उशीर होतो. मुखवट्यावरील कागदाच्या घड्या, गेल्या वर्षीच्या रंगाचे पापुद्रे, कडेला बांधलेले फडके आणि फटीमागचे माणसाचे डोळे याच वेळी प्रथम दिसतात. टेंभेवाल्याच्या हातातील ज्वालेला आता सावली पाडता येत नाही, तरी तो ती उंच धरून सोंगापुढे चालतच असतो.